दर्यापूरच्या विरजणाची जात

गोदावरीबाई पांढरीपांडे यांच्या नवऱ्याने भर ओसरीवर, चार माणसांदेखत त्यांच्या माहेरची जात काढली आणि बाई गाडगं कडेवर घेऊन दर्यापूरला निघून गेल्या, ही बातमी अमरावतीच्या आमच्या अंबापेठेत होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पसरली. मला ती मनकर्णाबाईने सांगितली. मनकर्णाबाई वलगावहून भाजी घेऊन येत असे. तिच्या टोपलीत वर मेथी आणि खाली बातम्या असत, आणि दोन्ही ती पाणी शिंपडून ताज्या ठेवी.

"काहून हो साहेब, थ्या मास्तरीनबाई कोनत्या जातीच्या निंगाल्या म्हने?"

"कोण म्हणालं?"

"समदेच म्हनून राह्यले. वलगावच्या स्टँडावर तेच चालू हाय."

बातमीतली ओसरी खरी होती, गाडगं खरं होतं, दर्यापूरही खरं होतं. जात काढली होती, हेसुद्धा नाकारता येणार नाही. फक्त ती दह्याची होती. मी हे ठामपणे सांगू शकतो, कारण ती काढली तेव्हा मी समोरच बसलो होतो आणि बशी माझ्या हातात होती. पण खुलाशाला पाय नसतात. अकोल्याला माझा मेहुणा राहतो, त्याच्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा चिंतामणरावांनी बंगलोरहून चीज नावाची कोणी बाई आणली, असं तिचं रूप झालं होतं.

चीज खरोखर बंगलोरच्याच बाजूहून आलं होतं. चिंतामणराव पांढरीपांडे इथल्या एका कॉलेजात जंतुशास्त्राचे प्रयोग शिकवत. एकसष्ट साली त्यांना दुग्धशास्त्राच्या शिक्षणासाठी वर्षभर तिकडे पाठवलं. जाताना माणूस साधा होता. आला तो चीज चीज करतच. आमच्या गल्लीत तोवर चीज फक्त कष्टाचं होत असे, तेही क्वचित. हे खायचं असतं, महिनोन्महिने मुरवायचं असतं आणि मुरलं की त्याला वास येतो, हे ऐकून लोकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

पण गोष्ट गोदावरीबाईंची आहे. त्यांचे वडील मोरोपंत दर्यापूरला वकिली करत. आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. मागे उरलं ते आईने रोज लावलेल्या दह्याचं गाडगं. ते विरजण गोदावरीबाईंनी एक दिवस खंड न पडू देता चालवलं आणि लग्नानंतर मांडीवर घेऊनच त्या अमरावतीला आल्या. एस.टी.त शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू निजलं का?" त्यावर त्या म्हणाल्या, "लागतंय अजून."

ते दही असं लागायचं, की उपडं केलं तर गाडग्याचा आकार घेऊन उभं राहावं. सकाळी अर्धी गल्ली वाटी घेऊन त्यांच्या दारी जाई. विरजणाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मात्र दिवे लागल्यावर थेंब मिळत नसे. दिवेलागणीनंतर विरजण दिलं तर घरची लक्ष्मी वाटीत बसून जाते, हे त्यांच्या आईने सांगितलं होतं, आणि आईच्या कायद्यात दुरुस्ती होत नव्हती.

अर्ध्या गल्लीत आमचं घर नव्हतं. आमची बेबीताई, म्हणजे माझी बायको, अकोल्याची. तिचंही विरजण माहेरचंच. त्याचं दही गोड लागे, पण पातळ; इतकं, की आमच्याकडे कढी करताना पाणी घालावं लागत नसे. एकदा गोदावरीबाई आमच्याकडे जेवायला आल्या. वाटीत डोकावून म्हणाल्या, "बेबीताई, दही हाय की मठ्ठा, हे आधी सांगत जा. म्हणजे वाटी घ्यावी का पेला, हे माणसाले समजते." एरवी त्या शहरी मराठी बोलत. टोमणा मारायचा किंवा राग आला, की दर्यापूर उतरायचं जिभेवर.

तर चीज. दूध गोठवायला वासराच्या पोटातलं काही तरी लागतं, असं चिंतामणरावांनी जेवताना सांगितलं. गोदावरीबाईंनी पोळी वाढता वाढता, ते घरात आलं तर मी घराबाहेर, एवढंच उत्तर दिलं. मग काष्ठौषधीच्या दुकानातून पनीरडोडी आली. ही एका झुडपाची सुकी फळं. त्यांचं पाणी घातलं की दूध गोठतं आणि सोवळंही शाबूत राहतं. विरजण घरात होतंच. पण शास्त्राला तुलना लागते, म्हणून चिंतामणराव वाटी घेऊन आमच्या दारात आले. बेबीताईने ती वाटी अशी काठोकाठ भरली, की अकोल्याची अब्रू त्यातून वाहावी. पलीकडच्या घराच्या खिडकीतून गोदावरीबाईंचा आवाज आला, "तुलनाच कराची तर बरोबरीच्याशी करावं माणसानं."

दिवाळी झाल्यावर एकाच बादलीतलं दूध दोन पातेल्यांत घेतलं. एकात दर्यापूर, दुसऱ्यात अकोला. दोन्हींत डोडीचं पाणी सारखं. दही कापलं, फडक्यात निथळलं, मीठ चोळलं, पाट्याखाली दाबलं आणि दोन गोळे मेण लावून घरामागच्या जुन्या पेवात ठेवले. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. त्यात ज्वारी नव्हती, गारवा होता. तिथे ते गोळे हिवाळाभर मुरले.

होळीच्या दिवशी ओसरीवर कापाकापी झाली. आधी अकोल्याचा गोळा. भाजलेल्या भुईमुगासारखा लागला. मग दर्यापूरचा. पाडवा अजून पंधरा दिवस दूर होता, पण कडुनिंब तोंडात आला.

गोदावरीबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोडीनं कडू झालं असेल."

"डोडी दोन्हींत एकच," चिंतामणराव म्हणाले. वर्गात शिकवताना येतो तसा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला होता. "दूध एक, मीठ एक, पेव एक. फरक फक्त विरजणाचा. जंतूंच्या जातीचा. सरळ आहे, तुझ्या माहेरची जात कडू आहे."

बेबीताईने अकोल्याचा आणखी एक तुकडा मागितला.

गोदावरीबाई आत गेल्या. गाडग्यावर फडकं बांधून बाहेर आल्या, ते कडेवर घेतलं, "मी चालली," म्हणाल्या आणि एस.टी. स्टँडकडे वळल्या. त्यांना जातीचं काही वाटलं नव्हतं. दह्याला जात असते की नसते हा नवऱ्याचा विषय होता. कडू हा शब्द मात्र त्यांच्या आईच्या हाताला लागला होता. आईचं म्हणून जगात तेवढंच शिल्लक होतं, आणि ते चार माणसांनी तोंड वाकडं करून थुंकलं होतं. त्या चारांत मी होतो. थुंकायला सगळ्यात आधी मीच उठलो होतो, पण तो कडूपणाचा दोष.

पुढचे आठ दिवस चिंतामणराव आमच्याकडचं पातळ दही खात होते. नवव्या दिवशी फार उदास दिसले.

"विरजण गेलं हो," ते म्हणाले.

"वहिनीही गेल्या," मी आठवण करून दिली.

"तेही आहेच."

त्यांना दर्यापूरला एकटं पाठवणं मला बरं वाटेना. माझी विम्याची एजन्सी होती. अंबापेठेत मरायची कोणाला घाई नव्हती, त्यामुळे सवड असे. वलगावच्या पुढे बस पंक्चर झाली आणि आम्ही मोरोपंतांच्या दारात पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मोरोपंत बंगईवर बसून झोके घेत होते. गोदावरीबाई तुळशीपाशी दिवा लावून परतत होत्या. आता जावई काही तरी शहाणपणाचं बोलतील, या आशेने मी एक पाऊल मागे सरलो.

चिंतामणराव म्हणाले, "थोडं विरजण हवं होतं."

"दिवे लागले," गोदावरीबाई म्हणाल्या. "आता मिळणार नाही."

पण त्यांनी दार लावलं नाही. पाण्याचा तांब्याही आणून ठेवला, जरा आवाज करून. मोरोपंतांनी झोका थांबवला.

"बसा जावईबापू. माझ्या दिवंगत पत्नीच्या विरजणाला तुम्ही चारचौघांत कडू म्हणालात?"

"हो. म्हणजे, निष्कर्ष तसा निघाला."

"निष्कर्ष नंतर. त्या गाडग्यात जंतू किती?"

"अगणित. अमरावतीच्या वस्तीपेक्षा कितीतरी जास्त."

"सगळे एकसारखे?"

"एकसारखे... नसावेत."

"नसावेत? एकेकाला वेगळा काढून पाहिला?"

"नाही पाहिला."

"म्हणजे गावातल्या कोणा एकाने विहिरीत कडुनिंब पिळला आणि तुम्ही आख्ख्या गावाला शिक्षा ठोठावली. साक्षीदार कोण?"

चिंतामणरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी कडू चाखल्याचं शपथेवर सांगायला तयार झालो.

"तुमच्या मंडळी कुठल्या?"

"अकोल्याच्या."

"म्हणजे प्रतिपक्षाचे," मोरोपंत म्हणाले आणि माझी साक्ष तिथेच संपली.

माझ्या बाजूला बघतो तर चिंतामणराव हसत होते. हरलेल्या माणसाने इतकं खूश दिसू नये. "बरोबर आहे," ते म्हणाले. "एकेक वेगळा काढला पाहिजे. मी गाडगं तपासलं, जंतू तपासलेच नाहीत. गोदावरी, मला ते गाडगं हवंच."

गोदावरीबाई उंबऱ्यावर टेकल्या. "गाडगं एकटं येणार नाही. त्याच्यासंग मी येईन. एकेक निवडा, नाहीतर गहू निवडता तसे सुपात घ्या. पुन्हा चीज करा. सारेच कडू निघाले तर मी माझ्या हातानं आईचं गाडगं फोडीन अन् बेबीताईच्या दारी वाटी घेऊन जाईन. जन्मभर जाईन. पण त्यातला एक जरी गोड निघाला, तर ज्या ओसरीवर बोलले त्याच ओसरीवर बोलाचं. मले घरात घेऊन समजावाचं नाही."

"मान्य करा," मोरोपंत म्हणाले.

"निकालाआधी मान्य कसं करू? पण जे निघेल ते बोलेन."

"एवढं तर बोलाच," गोदावरीबाई म्हणाल्या आणि पिठलं टाकायला आत गेल्या. सकाळच्या गाडीने आम्ही चौघं निघालो. चौथं गाडगं, त्याला खिडकीची जागा मिळाली, मी उभा होतो.

मग चिंतामणरावांनी जे केलं, ते मी समजून घेतलं तसं सांगतो. काचेच्या झाकणीत समुद्री शेवाळ शिजवून केलेल्या चिनी गवताची पातळ वडी थापायची आणि तिच्यावर दह्याचा थेंब, भरपूर पाण्यात मोडलेला, पसरायचा. दोन दिवसांत तीळ सांडल्यासारखे ठिपके उठतात. एक ठिपका म्हणजे एका जंतूची सगळी मुलंबाळं, नातवंडं, पणतवंडं. असा एकेक ठिपका सुईवर उचलून वेगळ्या नळीतल्या दुधात सोडायचा आणि वाट बघायची. एकाच गाडग्यातले हे लोक. पण काही नळ्या कॉलेजची घंटा होण्याआधी घट्ट, आणि काहींत संध्याकाळपर्यंत दूध जिथल्या तिथे.

"ह्या चपळांकडे विळी आहे," चिंतामणरावांनी मला दाखवलं. "दुधातली प्रथिनं चिरायची. चिरतात, खातात, वाढतात, दही लावतात. ह्या मंदांकडे विळीच नाही."

"मग ते खातात काय?"

"चपळांनी चिरून ठेवलेलं."

"असा एक भाऊ प्रत्येक घरात असतो," मी म्हणालो.

"भाऊच आहेत. मुळात वंश एकच असावा. कधीतरी एखाद्याच्या पोटी विळी नसलेलं पोर निपजतं आणि मग त्याची पुढची सगळी पिढी तशीच. हा संगतीचा परिणाम नाही, बीजातलाच फरक आहे. त्यांची जात..."

इथे मी त्यांना थांबवलं. जात म्हणू नका, म्हटलं, वाण म्हणा. वऱ्हाडात कापसाचे वाण सगळ्यांना कळतात आणि सरकीच्या वाणावरून आजवर कोणाची बायको माहेरी गेलेली नाही. त्या दिवसापासून ते वाण म्हणू लागले. जंतुशास्त्रात माझी भर एवढीच.

त्यांनी आमचंही विरजण तपासलं. अकोल्याच्या गाडग्यात विळीवाले मोजके. बाकी सगळी बसून खाणारी मंडळी. दही पातळ का, ते उघड झालं. आणि चीज गोड का, तेही. चिंतामणरावांचा अंदाज असा, की दही एका रात्रीचं काम, तिथे विळीवाला हवा. पण चीज महिनोन्महिने पिकतं आणि विळीवाले हाताला सवय असल्यासारखे चिरतच राहतात. प्रथिनांचे काही तुकडे मुळात कडू असतात, त्यांचा ढीग साचतो. मंद वाण मुळात कमी चिरतो, आणि जे कडू तुकडे पडतात ते हळूहळू चावून संपवतो. म्हणजे दर्यापूरचं दही ज्या गुणाने खणखणीत, त्याच गुणाने त्याचं चीज कडू. यातला पातळपणाचा भाग मी बेबीताईला सांगितला नाही. गोडाचा सांगितला.

"अंदाज म्हणजे काय?" गोदावरीबाईंनी विचारलं. "मुरेल तेव्हा बोला."

दुसऱ्या दिवाळीनंतर पुन्हा दोन गोळे झाले. या वेळी दोन्ही दर्यापूरचे. एकात नुसता चपळ वाण, दुसऱ्यात बहुतेक मंद आणि चिमूटभर चपळ. नुसत्या मंदांनी दूध हललंच नसतं. दोन्ही मेणात गुंडाळून पेवात उतरवले.

त्या हिवाळ्यात गोदावरीबाई रोज स्वतः पेवात उतरून गोळे उलटत. चिंतामणराव म्हणत, मी करतो. त्या म्हणत, तुमचा हात प्रतिपक्षाचा. दही रोज लागत होतं, वाट्या येत होत्या, दिवे लागल्यावर परतत होत्या. सगळं पहिल्यासारखं होतं. बदल एकच होता: संक्रांत आली आणि गेली, आणि गोदावरीबाईंनी बेबीताईच्या दह्याला एकदाही नाव ठेवलं नाही. त्या घाबरल्या आहेत हे गल्लीला त्यावरून समजलं.

एकदा तर त्या आपणहून आमच्या स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "बेबीताई, तुमचं विरजण कोमट दुधात घालता का जरा गरम? अन् झाकण घट्ट ठेवता का सैल?"

बेबीताईने सांगितलं. गोदावरीबाईंनी ते मान हलवून नीट ऐकून घेतलं आणि वर आभार मानले. त्या गेल्यावर बेबीताई बराच वेळ पळी हातात धरून बसली. "तिले म्हणावं डॉक्टरकडे जा," ती मला म्हणाली. "अशी नव्हती हो ती." मला माझ्या बायकोकडून दर्यापूरची बाजू ऐकायला मिळेल, असं वाटलं नव्हतं. होळीपर्यंत ती रोज देवाला हात जोडताना, पुटपुटत का होईना, त्या गोळ्यासाठी काही तरी मागत होती.

होळी आली. ओसरीवर मागच्या वेळी चार माणसं होती. या वेळी अंबापेठ होती, आणि टोपली कट्ट्यावर ठेवून मनकर्णाबाई. आपलं गाडगं गोदावरीबाईंनी बाहेर आणून पायरीवर ठेवलं होतं, पलीकडे अंगणात फोडायला बरं. चिंतामणरावांनी पहिला गोळा कापला. नुसत्या चपळांचा. कडू म्हणजे कडू. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. गोदावरीबाईंनी आपला तुकडा चेहरा न बदलता गिळला आणि म्हणाल्या, "दुसरा कापा."

दुसऱ्या गोळ्याचा पहिला तुकडा त्यांनीच उचलला. चावला. आणखी एक तुकडा उचलून मनकर्णाबाईच्या हातावर ठेवला, कारण ती ना दर्यापूरची, ना अकोल्याची.

मनकर्णाबाईने तो फार सावकाश खाल्ला. आयुष्यात प्रथमच सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला घाई नव्हती.

"गोड हाय न मा," ती शेवटी म्हणाली. "भुईमुगावानी लागते."

मग ताटावर एकच गर्दी झाली. चिंतामणराव उभे राहिले. विळीपासून सुरुवात केली, प्रथिनांवर आले, वंशातल्या फरकावर बरंच बोलले. लोक चीज खात होते. अखेर ते म्हणाले, "कडू वाण या गाडग्यातला. गोड वाणही याच गाडग्यातला. मागल्या वर्षी मी सगळ्या गाडग्याला कडू म्हणालो, ते चुकलं."

"मोठ्यानं," गोदावरीबाई म्हणाल्या.

"ते चुकलं!" चिंतामणराव ओरडले. समोरच्या माडीवरच्या भगवंतरावांनी, काय चुकलं, म्हणून खिडकी उघडली.

गोदावरीबाईंनी पायरीवरचं गाडगं उचलून पदराने पुसलं. बेबीताई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि दोघींनी एकाच वेळी डोळे टिपले. आता असा प्रसंग कोणी तरी हलका करायला हवा, आणि गल्लीत ते काम माझ्याकडे असतं. मी पुढे झालो. म्हटलं, "वहिनी, निकाल लागला, आनंद आहे. पण गोड निघाले ते सगळे बसून खाणारे. दर्यापूरकडे एवढे ऐतखाऊ असतील, असं वाटलं नव्हतं."

गोदावरीबाईंनी गाडगं कडेवर घेतलं.

"तसंच हाय भाऊजी. आमच्या माहेरी कमावणारे कडू अन् बसून खाणारे गोड. तुमच्या घरी कमावणारंच कोणी नाही, म्हणून तर तुमचं चीज पहिल्याच फटक्यात गोड निघालं."